अधिवास आणि उच्च शिक्षण : इंदूरच्या एका खटल्यापासून आजपर्यंत



ज्यांच्या स्मृतीला ही व्याख्याने वाहिली जातात, त्यांनी शाळेतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलापुढे पुढील शिक्षणाचा एक तरी दरवाजा उघडा असावा, यासाठी आपले आयुष्य वेचले. म्हणून आज त्या दरवाजाचाच इतिहास आपल्यापुढे मांडावा, असे मी योजिले आहे.

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी दोन प्रश्न उभे राहतात. प्रवेश मिळेल का, आणि मिळाला तर खर्च झेपेल का? पहिला प्रश्न गुणांचा आणि दुसरा पैशांचा, असे आपण समजतो. परंतु प्रवेशाच्या अर्जावर या दोहोंच्या आधी एक तिसराच प्रश्न विचारलेला असतो : तुम्ही कोठले? या प्रश्नाच्या उत्तरावर पहिल्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे पुष्कळ अंशी अवलंबून असतात. महाराष्ट्रात त्याला ‘अधिवास’ किंवा ‘डोमिसाइल’ म्हणतात, आपल्या मध्य प्रदेशात ‘मूल निवासी’ म्हणतात, आणि जुन्या हैदराबाद संस्थानात त्याला ‘मुलकी’ हा शब्द होता. पिढ्यान्पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या आपल्यासारख्या मराठी माणसांना हा प्रश्न इतरांपेक्षा थोडा अधिक बोचतो. भाषा एका प्रांताची आणि घर दुसऱ्या प्रांतात, अशी आपली स्थिती आहे.

स्वतंत्र भारतात या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाचे जे महत्त्वाचे उत्तर आरंभीच मिळाले, ते आपल्या याच शहरातील एका महाविद्यालयाच्या निमित्ताने मिळाले. राज्याने आपल्या रहिवाशांना झुकते माप देणे योग्य आहे, असे न्यायालयाने १९५५ मध्ये म्हटले. त्यासाठी दोन आधार दिले. राज्य शिक्षणावर पैसा खर्च करते, हा पहिला. शिकलेला विद्यार्थी पुढे त्याच राज्याच्या उपयोगी पडतो, हा दुसरा. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत हे दोन्ही आधार हळूहळू ढिले झाले. रहिवासाचा दाखला मात्र जागचा हलला नाही. हे कसे घडले, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

संस्थानी काळ : कृपा आणि करार

संस्थानी काळात उच्च शिक्षण हा कोणाचा हक्क नव्हता. ती राजाची कृपा होती. ही कृपा किती मोठी असू शकते, याचे उदाहरण बडोद्यात सापडते. सयाजीराव गायकवाड महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व राज्यात लागू केला. याच महाराजांनी मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना आधी दरमहा २५ रुपयांची आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली.

आजच्या प्रवेश-अर्जाच्या दृष्टीने या विद्यार्थ्याकडे पाहू. जन्म इंदूरजवळच्या महूच्या छावणीत. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. शाळा साताऱ्यात व मुंबईत. पैसा बडोद्याचा आणि विद्यापीठ अमेरिकेतले. ‘तुम्ही कोठले?’ या रकान्यात या विद्यार्थ्याने काय लिहिले असते? बडोद्याने तो प्रश्न आड येऊ दिला नाही. अट घातली ती वेगळी : शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी. राज्याने खर्च करायचा आणि विद्यार्थ्याने सेवेने त्याची परतफेड करायची, हा तो करार होता. १९१७ मध्ये आंबेडकर त्या करारानुसार बडोद्यास आले. परंतु अस्पृश्यतेमुळे त्यांना त्या शहरात राहावयास जागा मिळेना आणि ते परत गेले. राज्याने खर्च केला, पण समाजाने छप्पर दिले नाही. विद्यार्थी कोणत्या भूमीच्या उपयोगी पडेल, हे दाखल्यावरून ठरत नाही, हा धडा त्याच वेळी लिहून ठेवण्यासारखा होता.

कृपेचा दोष असा, की तिला नियम नसतो. एका आंबेडकरांना शिष्यवृत्ती मिळाली, पण तितक्याच लायक असलेल्या दुसऱ्याने ती कोणत्या आधारावर मागावी? हैदराबाद संस्थानाने उलट टोक गाठले होते. १९१९ च्या फर्मानानुसार तेथे सरकारी नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाची अट आली आणि माणसांचे ‘मुलकी’ व ‘गैरमुलकी’ असे दोन वर्ग पडले. हा नियम नोकऱ्यांचा होता. परंतु नोकरीसाठी रहिवास मोजण्याची जी सवय लागली, ती पुढे शिक्षणातही उतरली.

आपल्या माळव्यात चित्र साधेच होते. होळकर महाविद्यालय १८९१ चे. त्याच्या पदवीपरीक्षा दीर्घकाळ दूरच्या आग्रा विद्यापीठाच्या असत. इंदुरात वैद्यकीय शाळा १८७८ पासून होती, तरी वैद्यकातील पूर्ण पदवीसाठी मुंबईसारख्या ठिकाणी जावे लागे. ज्याच्या घरी ऐपत असे किंवा ज्याचा नातेवाईक तेथे असे, तो जाई. बाकीचे राहून जात.

मध्यभारत आणि दीड हजार रुपये

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातील लहानमोठी संस्थाने मिळून मध्यभारत राज्य स्थापन झाले. त्याच वर्षी इंदुरात महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. ग्वाल्हेरचे गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय त्याआधी दोन वर्षे, १९४६ मध्ये निघाले होते. नव्या राज्याला डॉक्टर हवे होते. जागा थोड्या, मागणी मोठी आणि तिजोरी बेताची होती.

इंदूरच्या महाविद्यालयात नेहमीच्या शिक्षणशुल्काखेरीज ‘कॅपिटेशन फी’ या नावाची वेगळी रक्कम घेतली जात असे. हा शब्द १९८० नंतर खाजगी महाविद्यालयांमुळे घरोघरी पोहोचला, पण आपल्या शहरात तो त्याच्या किती तरी आधी होता. मध्यभारत सरकारने ठरविले, की जे ‘मध्यभारताचे खरे रहिवासी’ आहेत त्यांच्याकडून ही फी घेऊ नये. इतरांकडून ती पूर्ववत घ्यावी : नामनिर्देशित विद्यार्थ्यांकडून १३०० रुपये आणि बाकीच्यांकडून १५०० रुपये.

खरा रहिवासी कोण, याची व्याख्या नियमात दिली होती. ती मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. ज्याचा मूळ अधिवास मध्यभारतात आहे आणि ज्याने तो अन्यत्र बदललेला नाही, तो पहिला. ज्याचा मूळ अधिवास बाहेरचा, पण ज्याने येथे अधिवास स्वीकारून किमान पाच वर्षे वास्तव्य केले आहे, तो दुसरा. फाळणीमुळे पाकिस्तानातून येऊन येथे कायमचा राहू इच्छिणारा तिसरा. आणि शेजारच्या एखाद्या प्रदेशातील ज्या लोकांना राज्य सरकार पात्र म्हणून जाहीर करील, ते चौथे. आजही देशातील बहुतेक राज्यांचे प्रवेशनियम याच चार कप्प्यांच्या आसपास फिरत असतात : पूर्वज, वास्तव्य, विस्थापन आणि सरकारची मर्जी.

जुलै १९५२ मध्ये दिल्लीचा रहिवासी असलेल्या एका विद्यार्थ्याला या महाविद्यालयात एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षात प्रवेश मिळाला. त्याला वर्षाला १५०० रुपये कॅपिटेशन फी भरावी लागली. शेजारच्या बाकावरील मध्यभारतीय विद्यार्थ्याला त्यातला एक रुपयाही द्यावा लागत नव्हता. हा विद्यार्थी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. संविधान लागू होऊन तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती. कायद्यापुढील समानतेचा अनुच्छेद १४ आणि धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा अनुच्छेद १५, या दोहोंचा हा भंग आहे, असे त्याचे म्हणणे होते. कायद्याच्या ग्रंथांत हा खटला ‘डी. पी. जोशी विरुद्ध मध्यभारत राज्य’ या नावाने ओळखला जातो.

२७ जानेवारी १९५५ चा निकाल

पाच न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मध्यभारत सरकारच्या बाजूने निकाल दिला. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिला. त्याचे सार असे. जन्मस्थान आणि अधिवास या भिन्न गोष्टी आहेत. संविधानाने जन्मस्थानावरून भेद करू नये असे म्हटले आहे, राहण्याच्या जागेवरून नव्हे. मग समानतेचे काय? राज्य आपल्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था चालविते; त्या उत्पन्नात तेथील रहिवाशांचा वाटा असतो; म्हणून त्यांच्या मुलांना सवलत देणे अवाजवी नाही. शिवाय ही मुले शिकून डॉक्टर झाल्यावर त्याच भागात स्थायिक होऊन तेथील लोकांची सेवा करतील, अशी अपेक्षा बाळगता येते.

न्यायमूर्ती जगन्नाथदास यांना हे पटले नाही. प्रत्यक्ष वास्तव्याची अट एक वेळ समजता येईल. पण ‘मूळ अधिवास’ या कसोटीचा आणि शिक्षणाच्या हेतूचा वाजवी संबंध काय, असा त्यांच्या भिन्नमताचा रोख होता. घराणे मूळचे येथले, म्हणून सवलत. आणि येथे येऊन राहिलेल्याला मात्र वर्षे मोजून दाखवायची, हे त्यांना समानतेशी सुसंगत वाटले नाही.

येथे आपल्यासाठी एक गोष्ट नोंदविणे आवश्यक आहे. होळकर आणि शिंद्यांच्या बरोबर आलेली, दीडदोनशे वर्षे येथेच नांदलेली मराठी घराणी या व्याख्येप्रमाणे ‘मूळ अधिवासी’ ठरत होती. त्या वेळी आपण दाराच्या आत होतो. निकाल आपल्या सोयीचा होता. म्हणूनच कदाचित त्याच्या दुसऱ्या बाजूचा विचार आपल्याकडे फारसा झाला नाही. तो विचार करण्याची वेळ आपल्याच भाषेच्या माणसांवर लवकरच आणि इतरत्र आली.

माणसे तेथेच, सीमा सरकल्या

या निकालाला दोन वर्षेही झाली नव्हती, तोच १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत हे राज्यच नकाशावरून गेले आणि मध्य प्रदेशात विलीन झाले. ज्या राज्याचे ‘खरे रहिवासी’ कोण हे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन ठरले, ते राज्यच उरले नाही. आपल्यापुरते हे सुखरूप पार पडले. रहिवाशांच्या दाखल्यावरील राज्याचे नाव तेवढे बदलले. पुढे उज्जैनचे विक्रम विद्यापीठ १९५७ मध्ये आणि इंदूर विद्यापीठ १९६४ मध्ये निघाले, तेव्हा आग्र्याची वाटही संपली.

बेळगावकडे असे झाले नाही. त्याच दिवशी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यातला चंदगड तालुका मात्र मुंबई राज्यात राहिला. कालपर्यंत एकाच जिल्ह्यात असलेल्या दोन शेजारच्या गावांतील मुले दुसऱ्या दिवशी दोन वेगळ्या राज्यांची रहिवासी झाली. कोणी घर बदलले नव्हते. म्हैसूर राज्याने वैद्यकीय प्रवेशासाठी दहा वर्षांच्या रहिवासाची अट घातली होती आणि ती सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये वैध ठरविली. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्याला रहिवास सिद्ध करणे अवघड नव्हते. पण ज्या राज्याचा रहिवासी म्हणून त्याला लाभ मिळायचा, त्या राज्यात राहण्याविषयीच त्याच्या वडीलधाऱ्यांचा वाद चालू होता. महाराष्ट्राने आपल्या प्रवेशनियमांत वादग्रस्त सीमाभागातील, म्हणजे दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या प्रदेशातील, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद ठेवली आहे. मध्यभारताच्या नियमातील चौथ्या कप्प्याचीच ही आवृत्ती होय. ही तरतूद मोलाची आहे. तथापि तिच्यामागे २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेला एक दावा उभा आहे, हेही विसरता येत नाही. अशा विद्यार्थ्यापुढे दोन दरवाजे आहेत आणि दोन्ही अर्धवट उघडे आहेत.

हैदराबादेत तिसरेच घडले. मराठवाड्याचे पाच जिल्हे १९५६ मध्ये मुंबई राज्याला जोडले गेले. हैदराबाद शहरातील मराठी वस्ती आंध्र प्रदेशात राहिली. तेथे मुलकी नियमांवरून १९७० च्या आसपास मोठी आंदोलने झाली. अखेर १९७३ मध्ये संविधानात अनुच्छेद ३७१-डी घालण्यात आला आणि १९७४ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने शिक्षणसंस्थांतील ८५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांसाठी राखून ठेवल्या गेल्या. स्थानिक कोण, हे मुख्यतः विद्यार्थ्याने किती वर्षे कोठे शिक्षण घेतले यावरून ठरू लागले. पूर्वजांऐवजी शाळा मोजणारी ही कसोटी मला अधिक न्याय्य वाटते. तिचेही काटे आहेत, ते पुढे सांगतो.

एक देश, एक अधिवास

१९८४ च्या जून महिन्यात ‘प्रदीप जैन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या साऱ्या व्यवस्थेकडे पुन्हा पाहिले. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या या निकालाने स्पष्ट केले, की भारताच्या नागरिकाला अधिवास एकच, तो भारताचा. राज्याचा वेगळा अधिवास नसतो. असते ते केवळ वास्तव्य. एम.बी.बी.एस.च्या जागांत रहिवासाचे आरक्षण ७० टक्क्यांपलीकडे जाऊ नये, उरलेल्या ३० टक्के जागा सर्व देशासाठी गुणानुक्रमे खुल्या असाव्यात, असे न्यायालयाने म्हटले. राज्ये तयार झाली नाहीत. १९८६ मध्ये हा आकडा बदलून एकूण जागांच्या १५ टक्के अखिल भारतीय वाटा ठरला, तर पदव्युत्तर शिक्षणात तो २५ टक्के झाला. पदव्युत्तर जागांतील हा वाटा २००३ मध्ये ५० टक्क्यांवर गेला. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी चंदीगडच्या शासकीय महाविद्यालयासंबंधीच्या खटल्यात न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात रहिवासाचे आरक्षण घटनाबाह्य ठरविले. एम.बी.बी.एस.च्या दारावर मात्र इंदूरच्या खटल्याचे तत्त्व आजही उभे आहे. सरकारी महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्यांच्या आहेत.

किंमत कोण देतो?

आता पहिल्या आधाराकडे येऊ. राज्य खर्च करते, म्हणून राज्याने निवडावे. १९५५ मध्ये हे वास्तव होते. १९८० नंतर डॉक्टर आणि इंजिनिअर होऊ इच्छिणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि नवी महाविद्यालये काढण्याची राज्यांची तयारी किंवा ऐपत उरली नाही. कर्नाटकात खाजगी वैद्यकीय शिक्षणाची परंपरा १९५३ च्या मणिपालपासूनची होती. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. ‘डोनेशन’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो याच काळात. कर्नाटकाने १९८४ मध्ये आणि महाराष्ट्राने १९८७ मध्ये कॅपिटेशन फीला मनाई करणारे कायदे केले. तेच त्या प्रथेच्या विस्ताराचे प्रमाणपत्र समजावे.

कर्नाटक सरकारच्या ५ जून १९८९ च्या अधिसूचनेतील दर पाहण्यासारखे आहेत. खाजगी वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी कोट्यातील विद्यार्थ्याला वर्षाला २,००० रुपये. त्या कोट्याबाहेरच्या कर्नाटकातील विद्यार्थ्याला २५,००० पर्यंत. आणि कर्नाटकाबाहेरच्या भारतीय विद्यार्थ्याला ६०,००० पर्यंत. मेरठच्या एका विद्यार्थिनीने या दरांविरुद्ध दाद मागितली आणि ३० जुलै १९९२ रोजी ‘मोहिनी जैन’ खटल्यात न्यायालयाने अशी आकारणी म्हणजे कॅपिटेशन फीच होय, असे म्हणून ती रद्द केली.

इंदूरच्या आणि या खटल्यातील फरक ध्यानात घ्यावा. इंदुरात महाविद्यालय सरकारचे होते. रहिवाशाला सवलत देण्यामागे राज्याच्या तिजोरीतला खर्च होता. येथे महाविद्यालय खाजगी होते. तरीही ‘तुम्ही कोठले?’ हा प्रश्न तसाच विचारला जात होता आणि परक्याकडून तीसपट रक्कम मागितली जात होती. ज्या काळात माळव्यातील, बडोद्यातील कितीतरी मराठी कुटुंबांनी आपली मुले महाराष्ट्रात वा कर्नाटकात पाठविली, तो हाच काळ. त्यासाठी कोणी भविष्यनिर्वाह निधी काढला, कोणी वाड्यातला हिस्सा विकला. भाषेच्या प्रांतात गेलेली मुले फीच्या पावतीवर मात्र बाहेरची ठरली.

१९९३ च्या ‘उन्नीकृष्णन’ निकालाने खाजगी महाविद्यालयांत निम्म्या जागा ‘मोफत’ आणि निम्म्या ‘शुल्काच्या’ अशी योजना घालून दिली. एकाने दुसऱ्याचा खर्च उचलावा, असा तिचा हेतू होता. व्यवहारात असेही घडले, की चांगल्या खाजगी शाळांत व शिकवणी वर्गांत शिकलेला सधन मुलगा अधिक गुणांमुळे मोफत जागेवर बसला आणि शुल्काच्या जागेचा भार कर्ज काढणाऱ्यावर पडला. २००२ मध्ये अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना रद्द केली. नफेखोरी व कॅपिटेशन फी यांना मनाई कायम ठेवून शुल्क ठरविण्याचा अधिकार संस्थांना दिला. २००५ च्या ‘इनामदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ निकालाने विनाअनुदानित संस्थांवर राज्याचा कोटा लादता येणार नाही, असे ठरविले आणि अनिवासी भारतीयांसाठी १५ टक्क्यांपर्यंत जागांना मुभा दिली. वर्तुळ पूर्ण झाले. देशाबाहेर राहणे ही आता अडचण उरली नाही. योग्य रक्कम मोजल्यास ती स्वतंत्र पात्रता झाली.

दुसऱ्या आधाराचेही तसेच. आपल्या भागातला मुलगा शिकून आपल्याच भागात राहील, ही अपेक्षा जर खरी ठरली असती, तर अनेक राज्यांना पदवीनंतरच्या सक्तीच्या सेवेचे बंधपत्र लिहून घ्यावे लागले नसते. अशी बंधपत्रे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वैध ठरविली. म्हणजे रहिवासाचा दाखला घेऊनही राज्याला विद्यार्थ्याची खात्री नाही. बडोद्याचा १९१३ चा करार शंभर वर्षांनी परत आला आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. आपल्या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांची नातवंडे अमेरिकेत शिकतात. तेथे १८६२ च्या मॉरिल कायद्याने संघराज्याची जमीन राज्यांना देऊन सार्वजनिक महाविद्यालये वाढविली. ही विद्यापीठे आपल्या राज्यातील रहिवाशांना कमी आणि बाहेरच्यांना पुष्कळ जास्त शुल्क लावतात. लग्नानंतर कनेक्टिकट राज्यात राहावयास आलेल्या एका विद्यार्थिनीने, अर्ज बाहेरून केला म्हणून आपल्याला शिक्षण संपेपर्यंत परकीच का समजावे, असा प्रश्न विचारला. १९७३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देऊन, खरा रहिवास सिद्ध करण्याची संधी दिलीच पाहिजे, असे सांगितले. २००८ च्या मंदीनंतर अनेक राज्यांनी आपल्या विद्यापीठांचे अनुदान घटविले, आणि त्यांतील कित्येक विद्यापीठे जास्त शुल्क देणाऱ्या परराज्यातील विद्यार्थ्यांना अधिक संख्येने घेऊ लागली. परिणामी स्थानिक करदात्यालाच आपल्या मुलाचा प्रवेश अनिश्चित वाटू लागला. राज्य मागे सरले, की रहिवाशाचा हक्क कसा पोकळ होतो, हे तेथेही दिसते.

अनिश्चिततेचा भार

शुल्काइतकीच जाचक गोष्ट म्हणजे नियमांची अस्थिरता. देशव्यापी ‘नीट’ परीक्षा २०१३ मध्ये झाली, त्याच वर्षी जुलैत रद्दबातल ठरली आणि २०१६ मध्ये परत आली. २०१३ मध्येच आपल्या इंदूर पोलिसांच्या कारवाईतून व्यावसायिक परीक्षा मंडळाचा, म्हणजे ‘व्यापम’चा गैरव्यवहार उजेडात आला. २०१५ मध्ये तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ ते २०१२ या काळातील ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द केले. त्या प्रत्येक जागेमागे त्याच राज्याचा, योग्य दाखला असलेला, अभ्यास केलेला एक मुलगा किंवा मुलगी दाराबाहेर राहिली होती. त्यांची यादी कोणी केली नाही. रहिवासाचा दाखला त्यांना वाचवू शकला नाही.

शाळेची वर्षे मोजण्याच्या कसोटीला काटे आहेत, असे मी म्हटले, ते हे. २०२४ मध्ये तेलंगणाने नववी ते बारावी अशी सलग चार वर्षे राज्यात शिकल्याची अट कडक केली. अकरावी-बारावीच्या तयारीसाठी शेजारच्या राज्यात गेलेली मुले, जन्माने व कुटुंबाने तेलंगणाची असूनही, अडचणीत आली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०२५ मध्ये नियम कायम झाला. नियम वाईट होता असे मी म्हणत नाही. पण मुलाने चौदाव्या वर्षी घेतलेल्या निर्णयाचा अर्थ त्याच्या अठराव्या वर्षी बदलू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. नियम बदलला, की सधन घर दुसऱ्या राज्यात, दुसऱ्या महाविद्यालयात, प्रसंगी परदेशात वाट शोधते. ज्याच्याजवळ एकच वाट असते, त्याचे वर्ष जाते.

समारोप

या इतिहासातून मी तीन गोष्टी घेतो. पहिली : राज्याने आपल्या रहिवाशांना प्राधान्य द्यावे, यात गैर नाही, परंतु त्या प्राधान्यासाठी राज्याने खर्चही केला पाहिजे. खर्चातून अंग काढून घ्यायचे आणि दाखला मात्र मागायचा, हे १९५५ च्या निकालाच्या तर्काला धरून नाही. दुसरी : रहिवास पूर्वजांवरून न ठरविता, मूल प्रत्यक्ष कोठे वाढले आणि शिकले यावरून ठरवावा. न्यायमूर्ती जगन्नाथदासांचे एकाकी मत आज मला अधिक जवळचे वाटते. येथे येऊन स्थिरावलेल्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या कुटुंबाच्या मुलाला आपण ‘बाहेरचा’ म्हणू लागलो, तर बेळगावात आपल्या मुलाला कोणी तसे म्हटल्यावर तक्रार करण्याचा आपला अधिकार कमी होतो. तिसरी : नियम कोणताही असो, तो मुलाने नववीचा वर्ग गाठण्याआधी ठरलेला व माहीत असावा.

सरकारने काय करावे, हे सांगून माझे काम संपत नाही, कारण माझ्यासमोर सरकार बसलेले नाही. समोर या शाळेचे माजी विद्यार्थी आहेत. आपल्यापैकी जे साठी-सत्तरीच्या पुढचे आहेत, त्यांतील पुष्कळांनी या शहरातील सरकारी महाविद्यालयांत नाममात्र फीवर शिक्षण घेतले. ते शिक्षण स्वस्त नव्हते. त्याची किंमत माळव्यातल्या शेतकऱ्याने, विणकराने आणि गिरणीकामगाराने करांच्या रूपाने भरली होती. ‘तुम्ही आमच्या उपयोगी पडाल’ ही अपेक्षा न्यायालयाने निकालात लिहिली, ती त्यांच्या वतीने होती, असे मी मानतो.

त्या अपेक्षेवर कोणी आपली सही घेतली नव्हती. म्हणून ती पाळण्याची सक्तीही नाही. परंतु या शाळेतून यंदा बाहेर पडणाऱ्या ज्या मुलीला प्रवेश मिळाला आहे आणि पहिल्या हप्त्याची सोय झालेली नाही, तिची सोय या सभागृहातील माणसांनी पुढील महिन्याच्या आत करावयाची ठरविली, तर एका जुन्या निकालातला निदान अर्धा आधार आपण खरा केला, असे होईल.